धायटीची फुले आणि अरिष्टाची बाटली

लोणावळ्याला आमच्या कुंपणाशी मी धायटी लावली आहे. मावळातल्या डोंगरउतारांवर ती आपोआप उगवते, म्हणून तिचे कौतुक कोणी करत नाही. थंडी सरताना पाने गळू लागतात आणि फांद्या नळीसारख्या लालभडक फुलांनी भरतात. मधासाठी शिंजीर येतात, मुलेही फुले चोखतात. छाटणी मात्र बहर संपल्यावरच करावी, नाहीतर त्या वर्षीची फुले गेलीच.

हीच फुले आयुर्वेदात आसव-अरिष्टे आंबवायला घालतात. आंबताना काढ्यातल्या गुळापासून अल्कोहोल तयार होते, साधारण ५ ते १० टक्के. बाटलीवर ते छापलेलेही असते, पण वाचतो कोण? "डॉक्टर, मी दारूला शिवतही नाही," असे म्हणणारे लिव्हरचे रुग्ण रोज दोन वेळा अरिष्ट घेत असतात आणि खोदून विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मधुमेह असेल तर त्यातला गूळही मोजावा लागतो. लिव्हर सिरॉसिस असेल, दिवस गेले असतील किंवा मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या चालू असतील, तर अरिष्ट परस्पर घेऊ नका. तपासणीला येताना इतर औषधांबरोबर ती बाटलीही पिशवीत टाकून आणा.