वाफसा

शेतकऱ्याच्या बोलीत वाफसा म्हणून एक शब्द आहे. पाऊस उघडून चार-सहा दिवस ऊन पडले, जमिनीतला जादा ओलावा निचरून गेला, आणि माती पायाला चिकटेनाशी झाली तरी अद्याप कोरडी पडलेली नाही, अशी जी मधली अवस्था येते तिला वाफसा म्हणतात. आणि ती आली की नाही हे ठरविण्याची माझ्या वडिलांची रीत अशी होती की, बांधावर उकिडवे बसून ते मूठभर माती उचलीत, तिचा लाडू वळीत आणि कमरेइतक्या उंचीवरून तो खाली सोडीत. लाडू वळलाच नाही तर वेळ निघून गेली. वळला आणि पडूनही तसाच राहिला तर वेळ अजून यायची आहे. वळला आणि पडताच भुगा झाला तर पाभर बाहेर काढायची. खेड तालुक्यातल्या त्या रानात पाहिलेली ही परीक्षा पुढे एकतीस वर्षे बालवाडीत माझ्या उपयोगी पडली.

त्यांपैकी बावीस वर्षे मी भोसरीला औद्योगिक वसाहतीच्या कडेला काढली आणि उरलेली नऊ चाकणला. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, तीन ते सहा वर्षांची तीस-पस्तीस मुले. कुणाचे वडील रात्रपाळीवरून येऊन दिवसा निजलेले, म्हणून घरात मोठ्याने बोलण्याची मुभा नाही. कुणाचे आई-वडील दोघेही कामावर. घर म्हणजे बहुधा दहा बाय दहाची एक खोली. जून महिना रडण्यात जातो, आषाढ-श्रावण पावसात. आणि मग हस्ताचा पाऊस गडगडून गेला की आश्विनातले ते स्वच्छ, पिवळे ऊन पडवीत उतरते. तोवर मुलांना बाईंचा चेहरा, शेजारच्या मुलाचे नाव आणि आपली पिशवी अडकविण्याचा खिळा हे सर्व ओळखीचे झालेले असते. घटस्थापनेपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे ते तीन-चार आठवडे म्हणजे बालवाडीच्या वर्षातला वाफसा होय असे मी मानीत आले आहे, आणि त्या दिवसांत जे पेरले जाते ते वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही काळात तसे रुजत नाही असा माझा अनुभव आहे.

बालशिक्षणाच्या या मार्गावर मी नवीन काही केले असे नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. पुढे 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या, आणि 1957 पासून कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये त्या दोघींचे काम चालले. माँटेसरीबाईंची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांना साधनाचा दर्जा दिला, आणि शाळेपर्यंत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला आहे. भोसरीत मात्र मला पहिली अडचण आली ती अंगणाचीच. दारापुढे सिमेंटचे ठोकळे बसविलेले, त्यांपुढे डांबरी रस्ता, त्यावरून पत्र्याची भेंडोळी वाहणारे ट्रक. मुलांना खेळायला अर्धा ब्रास माती मिळावी असा अर्ज मी एका कार्यालयात दिला होता. मातीसाठी खर्चाची तरतूद नाही, एवढाच शेरा मारून तो परत आला. शेवटी मोशीकडे एका इमारतीचा पाया खणला जात होता, तेथून एका मुलाच्या वडिलांनी आपल्या टेंपोतून माती आणून पडवीच्या कडेला ओतली, आणि तो ढीग पुढे वर्षानुवर्षे आमच्या शाळेची सर्वांत मोलाची मत्ता होऊन राहिला.

घटाला ती माती प्रथम लागे. परडीत माती घालून गहू, ज्वारी, मूग, हरभरा पेरावे हे घरोघरी चालतेच. मी एवढेच केले की एकाच्या दोन परड्या केल्या, एक खिडकीत ठेवली आणि दुसरी कोनाड्यात पाटीखाली झाकली. दोन्हींना पाणी सारखेच. सातव्या-आठव्या दिवशी पाटी काढली तेव्हा अंधारातले अंकुर पिवळेधमक आणि लांबच लांब निघाले, खिडकीतले हिरवे पण आखूड. मुलांनी दोरा लावून मापे घेतली आणि अंधारातला घट जिंकला असा निकाल दिला, त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही, कारण दोरा खरोखरच लांब भरला होता. त्यांना कारण सांगण्याची मला घाई नव्हती. बराच वेळ परडीपाशी बसून राहिलेल्या एका मुलीने अखेर म्हटले, “बाई, तो उंच झाला, कारण तो दार शोधतोय.” वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातले स्पष्टीकरण याहून निराळे नाही: उजेड सापडेपर्यंत अंकुर आपली सारी पुंजी उंचीत घालतो. मग आम्ही ती परडी खिडकीत नेली आणि दसऱ्यापर्यंत पिवळी पाने हिरवी होताना पाहिली.

खंडेनवमीविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पिंपरी-चिंचवडमध्ये या सणाला जे तेज आहे ते मी अन्यत्र कोठे पाहिले नाही. शेतकरी औत पुजतो, पूर्वी शिपाई शस्त्र पुजीत असे. आमच्याकडे लेथ, प्रेस, ड्रिलिंगची यंत्रे धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून, कुंकू लावून पुजली जातात, आणि लहान लहान वर्कशॉपांतून त्या दिवशी कामगाराच्या बायकामुलांना बोलावण्याचा शिरस्ता आहे. वडील रोज जेथे जाऊन नाहीसे होतात ती जागा मूल त्या दिवशी पाहते. याचा धागा धरून मी आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला घरातले एक हत्यार आणायला सांगत असे, धारेचे तेवढे वर्ज्य. पाने, पकडी, शिवणयंत्राची बॉबिन, लाटणे, मोजमापाची फीत, रंगाचा ब्रश, गवंड्याचा रंधा आणि ओळंबा असे जिन्नस सतरंजीवर मांडले जात आणि मग मी म्हणे, “यांची घरे करा.”

वर्गीकरण ही गणिताची पहिली पायरी आहे असे तालमीत शिकले होते. पण ती पायरी मुले कोणत्या वाटेने चढतात हे मला त्या सतरंजीवर कळले. एके वर्षी एका मुलाने ‘बाबांचे’ आणि ‘आईचे’ असे दोन ढीग केले, आणि पाना बाबांच्या ढिगात टाकताच एक मुलगी उठून म्हणाली, “तो माझ्या आईचा आहे.” तिची आई गाड्यांचे सुटे भाग जोडण्याच्या कामावर होती. ढीग मोडले. पुष्कळ वाद झाला. लोखंडी आणि लाकडी असे करावे असे माझ्या मनात होते, जिभेवरही आले होते. ते मी आवरले. तेवढ्यात एका चार वर्षांच्या पोराने एकेक वस्तू नाकाशी नेऊन ज्यांना तेलाचा वास येतो त्या इकडे आणि ज्यांना येत नाही त्या तिकडे अशी वाटणी सुरू केली, आणि साऱ्या वर्गाने ती मान्य केली. बॉबिन आणि पाना एका घरात गेले, कारण शिवणयंत्रालाही तेल घालतात. लोखंड-लाकूड ही माझी वाटणी डोळ्यांनी केलेली होती. त्या मुलाने ज्याला फिरावे लागते आणि ज्याला लागत नाही, असा भेद नाकाने शोधून काढला होता.

त्याच दिवशी जालन्याकडचे एक गवंडी, आपल्या मुलाला पोहोचवायला आलेले, ओळंबा पडवीच्या आढ्याला टांगून दाखवू लागले. दोरी हलता हलता स्थिर झाली, आणि मग मुलांनी पाहिले की आमच्या शाळेची भिंत दोरीला समांतर नाही. त्यानंतर आठवडाभर त्यांनी गावातले काही म्हणून ओळंब्यावाचून सोडले नाही.

भोंडल्याच्या खिरापतीबद्दल बाहेरच्या लोकांना एवढेच ठाऊक असते की गाणी संपल्यावर काहीतरी खायला मिळते. पण त्याआधी झाकलेला डबा हलवून दाखवायचा, आणि आत काय आहे ते इतरांनी प्रश्न विचारून ओळखायचे: गोड की तिखट, कोरडे की ओले, वाजते की नाही. प्रश्न विचारून शक्यता कमी करीत आणणे, नकारातूनही माहिती मिळते हे ओळखणे, एकाच पदार्थासाठी चार शब्द शोधणे, भाषेचा आणि तर्काचा एवढा व्यायाम देणारे साधन मी दुकानात पाहिलेले नाही. आमच्याकडे खानदेशातल्या आया भुलाबाईची गाणी घेऊन येत, त्यांच्या टिपऱ्या येत. भोंडल्याच्या हत्तीभोवतीच्या फेरात मुलगे-मुली सर्व असत. एकदा बिहारमधून आलेल्या एका आईने डबा आणला. गोड, कोरडे, वाजते, लाडू नाही, शंकरपाळे नाही, चिरोटा नाही, मुले थकली. तिचा मुलगा, जो जूनपासून वर्गात जवळजवळ बोललाच नव्हता, दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला, “ठेकुआ!” आणि मग तो शब्द प्रत्येकाकडून तीन-तीनदा म्हणवून घेऊनच त्याने डबा उघडू दिला. त्या दिवसापासून तो बोलू लागला, मराठीत आणि हिंदीत.

आपट्याच्या पानाचे थोडक्यात सांगते. बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात. दोन्ही पाने जोडपाकळीची, पण कांचनाचे पान मोठे आणि मऊ, आपट्याचे लहान, जाड आणि रुंद. मुलांना दोन्ही देऊन मधल्या शिरेवर घडी घालायला लावली की उजवा अर्धा डाव्यावर बसतो, आणि समभागाची कल्पना बोटांना कळते. एकेकाला एकच पान मिळे. झाड ओरबाडण्याचे कारण नाही.

दरवर्षी याच सुमारास एखादी आई दारात उभी राही: “बाई, शेजारचा पोरगा अख्खी मुळाक्षरे काढतो, आमचा अजून मातीतच खेळतोय.” तिची काळजी खरी असे, ज्या अक्षरांवाचून आपण हेल्पर राहिलो, ती अक्षरे पोराला लवकर यावीत असे तिला का वाटू नये? मी तिला बसवून घेई आणि सांगे, की या वयात मनगटातली बरीच लहान हाडे अजून कूर्चेचीच असतात, पुढल्या काही वर्षांत ती पक्की होत जातात. पेन्सिल धरणारी तीन बोटे आधी मळण्याने, चिमटीने, वळण्याने तयार व्हावी लागतात. आणि मग तिच्याच मुलाने वळलेला मावळा तिच्या हातावर ठेवी, त्याची बोटाएवढी तलवार न मोडता कशी बसवली आहे ते पाहायला. काहींचे समाधान होई, काही मुलाला दुसरीकडे नेत.

मावळे होते ते किल्ल्याचे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी महाराष्ट्रात पोरे किल्ला करतात तो बहुधा डोंगरी, वर निमुळता होत गेलेला. चाकणला आल्यावर माझ्या मनात आले की या गावाचा स्वतःचा किल्ला भुईकोट आहे, तर तो का करू नये? संग्रामदुर्ग गावातच आहे. तटाचे काही भाग, बुरूज आणि खंदकाची खूण अजून दिसते. 1660 साली शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने लढविला, आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो पडला. आम्ही मुलांना तेथे नेले. डोंगर नाही तर शत्रू आत का येत नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि उत्तर त्यांनी खंदकात उतरून शोधले.

परत येऊन खंदक खणला, पाणी ओतले. पाणी मुरून गेले. पुन्हा ओतले, पुन्हा मुरले. तीन दिवस हे चालले. चौथ्या दिवशी कुणीतरी इंद्रायणीकाठच्या आजोळाहून काळी चिकट माती पिशवीतून आणली, ती तळाला थापली, आणि पाणी संध्याकाळपर्यंत टिकले. तटावर अळीव पेरला तो चार दिवसांत हिरवा झाला. ईशान्येकडचा बुरूज एका साडेपाच वर्षांच्या मुलाने एकट्याने उभारला होता. तो एका अंगाला कललेला होता, आणि तेथूनच सुरुंग लागला असे त्याचे म्हणणे होते.

दुसऱ्या दिवशी काही पाहुणे येणार होते. आदल्या संध्याकाळी, मुले गेल्यावर, मी पाण्याचा हात लावून तो बुरूज सरळ केला. का केला याचे उत्तर माझ्यापाशी आहे आणि ते चांगले नाही: शाळा नीटनेटकी दिसावी असे मला वाटले. सकाळी तो मुलगा किल्ल्यापाशी उभा राहिला आणि काही बोलला नाही. पाहुण्यांनी कौतुकाने विचारले, “हा बुरूज कुणी केला?” तो म्हणाला, “बाईंनी.” त्याच्या आवाजात राग नव्हता. ते खरे होते, आणि त्याने ते जसे होते तसे सांगितले.

मधल्या सुट्टीत मी त्याच्याजवळ बसून, मी चुकले, असे म्हटले. त्याने थोडा विचार केला, मग ओळंबा मागून घेतला, बुरुजाला लावून पाहिला, आणि तो सरळ असल्याची खात्री झाल्यावर दोन्ही हातांनी बाजूने दाबून पुन्हा पूर्वीइतका कलता केला. वरच्या अळिवाची मुळे तुटली. त्याला ती चालली.

सुट्टीनंतर आलो तो किल्ला खचलेला, खंदकाला भेगा पडलेल्या, अळीव वाळून गेलेला. माती ढिगात परत घालण्याचे काम मुलांचेच असे. त्या मुलाने विचारले, “बाई, माझ्या बुरुजाची माती वेगळी ठेवता येईल का?” मी त्याला तेलाचा एक रिकामा डबा दिला आणि त्यावर खडूने त्याचे नाव घातले. डबा पडवीच्या कोपऱ्यात पुढचे सात महिने होता. जूनमध्ये पहिलीला जाताना तो आला, डबा काखेत मारला, आणि घेऊन गेला.