कुलदैवताची वाट आणि कंबरेचे मणके

प्रवासवर्णनांची आमच्या भाषेत मुळीच वाण नाही. घाटांची वळणे, नद्यांचे संगम, देवळांचे कळस आणि समुद्रावरचे सूर्यास्त यांचे वर्णन करताना आमचे लेखक हात आखडता घेत नाहीत. परंतु हे सर्व पाहणारा प्रवासी कशावर बसला होता, किती वेळ बसला होता आणि गाडीतून उतरताना त्यास सरळ उभे राहता आले किंवा नाही, याचा उल्लेख शंभरांतून एखाद्या लेखातही सापडत नाही. वास्तविक दोन्ही हात कंबरेवर ठेवून, तोंड वाकडे करून गाडीपाशी उभा असलेला मनुष्य हा प्रत्येक देवस्थानाच्या वाहनतळावरचा नित्याचा देखावा आहे. तो इतका नित्याचा, की त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. प्रवास म्हटला की अंग अवघडायचेच, वय झाले की कंबर धरायचीच, असे आपण गृहीत धरून चालतो. हे गृहीत कितपत खरे आहे, ते पुणे ते गुहागर या एका परिचित वाटेच्या अनुषंगाने पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

गुहागरचा व्याडेश्वर हे अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत, आमचेही तेच. पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तेथून गुहागर, असा आमचा ठरलेला मार्ग असून तो सुमारे २८० किलोमीटरांचा भरतो. वाटेतले थांबे धरून सात-आठ तास सहज जातात. आमच्या थोरल्या काकू १९७४ साली या घरात सून म्हणून आल्या, तेव्हापासून व्याडेश्वराचा अभिषेक आणि दुर्गादेवीची ओटी त्यांनी कधी चुकविली नव्हती. परंतु २०२१ च्या खेपेहून परत आल्यावर त्यांच्या कंबरेत अशी उसण भरली, की पंधरा दिवस त्यांना कुशीवर वळणेही कठीण झाले. पुढील दोन वर्षे त्या आल्या नाहीत. "देव काय, देवघरातही आहे," असे त्या म्हणत. मात्र आम्ही निघताना ओटीचे खण-नारळ स्वतः बांधून देत आणि गाडी वळेपर्यंत दारात उभ्या राहत. २०२४ च्या मार्गशीर्षात त्यांना पुन्हा न्यावयाचे, आणि पूर्वीसारख्या चालत्या-फिरत्या परत आणावयाचे, असा घरात विचार ठरला. तेव्हा प्रथमच हा प्रश्न निघाला, की त्या गाडीत बसत तरी कोठे होत्या?

मोटारीत कोणी कोठे बसावे याची संहिता कोणत्याही स्मृतीत लिहिलेली नाही, तरी ती प्रत्येक एकत्र कुटुंबास मुखोद्गत असते. पुढची जागा घरातल्या कर्त्या पुरुषाची, अथवा जावई बरोबर असल्यास जावयाची. मधली ओळ मुलग्यांची आणि ज्यांना गाडी लागते त्यांची. उरली सात आसनी गाडीची शेवटची ओळ; तेथे फराळाचे डबे, पाण्याचा कॅन, पूजेची पिशवी, एखादे नातवंड आणि या सर्वांची काळजी वाहणारी घरातली वडीलधारी स्त्री. तिला तेथे कोणी बसवीत नाही, ती आपण होऊनच जाऊन बसते. "मला कोठेही चालते" हे वाक्य आमच्या घराप्रमाणे वाचकांच्या घरीही ऐकू येत असेल.

ही शेवटची ओळ मोठी फसवी असते. एक तर तिची बैठक बहुधा जमिनीलगत असते, त्यामुळे गुडघे कंबरेच्या वर जातात. गुडघे वर गेले की ओटीपोटाचे हाड मागे कलते आणि कंबरेची जी स्वाभाविक आतली कमान, ती मोडून पाठ बाहेरच्या बाजूस धनुष्यासारखी वाकते. दुसरे असे, की ही ओळ मागच्या चाकांच्या आसावर, कित्येक गाड्यांत त्याच्याही मागे असते. पुढच्या व मागच्या चाकांच्या दरम्यान जो बसतो त्यास खड्ड्याचा हिसका कमी लागतो. जो आसावर किंवा त्यापलीकडे बसतो त्यास तो पुरता लागतो. यासाठी यंत्रशास्त्र शिकावयास नको. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली. तेव्हापासून शेवटच्या बाकावर ज्याने एकदा प्रवास केला आहे, त्यास हा सिद्धांत डोके टपाला लागून समजलेला आहे.

येथे कोणी म्हणेल, की आमचे पणजोबा छकड्यातून आणि दमणीतून याहून वाईट वाटांनी जात, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. बैलगाडीस स्प्रिंगा नव्हत्या, असला तर गवताचा थर आणि वर घोंगडी. परंतु त्या गाडीत मांडी घालता येई, पाय पसरता येत, तक्क्या घेऊन कलता येई. आणि मुख्य म्हणजे घाट लागला की बैलांवर दया करून सर्वांस उतरून चालावे लागे. बैलांवर केलेली ती दया प्रवाशांच्या कंबरेसही पावत असे. आजच्या मोटारीत मऊ गादी आहे, थंड हवा आहे, गाणी आहेत. नाही ती हालचाल. अडीच-तीन तास मनुष्य एकाच आकारात बसून राहतो, आणि गादी जितकी मऊ व खोल तितके हलणे कमी.

मणक्यांच्या मधल्या गाद्यांस प्रौढ वयात रक्तवाहिन्यांचा पुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडला की त्यांतला द्रव बाहेर जातो आणि दाब हटला की स्पंजाप्रमाणे आत येतो. या ये-जा करण्यावरच त्यांचे पोषण चालते. रात्री आडवे झाल्याने त्या फुगतात, दिवसभरात दबतात. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. ज्या अवयवाचे अन्नपाणी हालचालीवर अवलंबून आहे, त्यास तीन तास एका जागी जखडून ठेवणे म्हणजे त्याची उपासमारच. स्वीडनचे अस्थिवैद्य आल्फ नाखेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांतील गादीत सुई घालून दाब मोजला आणि आधाराशिवाय बसताना तो उभे राहण्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो असे दाखविले. पुढे १९९९ साली जर्मनीत हान्स-योआखिम विल्के यांच्या मोजणीत हा फरक आढळला नाही. तेव्हा बसणे हेच विष, असे म्हणण्यास आधार नाही. न हलता बसणे, वाकून बसणे आणि हादरे खात बसणे, ही तीन एकत्र आली म्हणजे मात्र कंबर बोलू लागते. बसलेल्या माणसाचा कणा दर सेकंदास चार ते सहा या गतीच्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत अधिक साथ देतो. मोटारीच्या स्प्रिंगा गाडीचा डोलारा सेकंदास एक-दीड वेळाच झुलेल अशा बेताने बसविलेल्या असतात, त्यामागे हेही एक कारण आहे. पण रस्ता खडबडीत, स्प्रिंगा कडक आणि चाकांत हवा प्रमाणाबाहेर असली, की तो बेत फिसकटतो. हवेचा आकडा दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. तो कितीजण वाचतात, देव जाणे.

असो. निघण्याच्या दिवशी काकूंना पुढे बसविण्याचे ठरले, त्यास विरोध झाला तो काकूंकडूनच. "अरे, पुढे बसून मी काय गाडी हाकणार आहे?" थोरल्या काकांनी मागचे दार उघडून आपली काठी आत ठेवली आणि ते मधल्या ओळीत जाऊन बसले, मग वाद उरला नाही. काकूंची बैठक थोडी उंच केली, जेणेकरून गुडघे कंबरेच्या किंचित खाली राहतील. सीटची पाठ काटकोनाहून दहा-वीस अंश मागे कलती ठेवली आणि जुन्या पंचाची मनगटाएवढी गुंडाळी कंबरेच्या कमानीत दिली. १९७४ साली गोटेनबर्ग येथे गुन्नार अँडरसन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या सीटवर माणसे बसवूनच प्रयोग केले, आणि पाठीचा कल व कंबरेचा टेका या दोहोंनी मणक्यांवरचा दाब व स्नायूंचा ताण कमी होतो असे दाखविले. गिअर बदलताना आणि क्लच दाबताना तो वाढतो, असेही त्यांस आढळले. घाटात गाडी हाकणाऱ्या आमच्या चुलतबंधूंस हे वाचून दाखविताच त्यांनी वाढीव चहाची मागणी केली. पुरुषांनी मागच्या खिशातले पैशाचे पाकीट काढून ठेवावे, हे जाता जाता सांगितले पाहिजे. एका कुल्ल्याखाली ती वीट ठेवून तासन्‌तास बसल्यास कंबर तिरपी राहते आणि पायास मुंग्या येतात. सीट पार आडवी करून झोपणे हा मात्र आराम नव्हे. अपघात झाल्यास पट्ट्याखालून शरीर घसरण्याचा धोका त्यात मोठा आहे. पट्टा मागच्या ओळीतही बांधावयाचा असतो. कायदाही तसाच आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही पाळली. पहाटे चारला उठून लगेच वाकून ट्रंका उचलावयाच्या, ही आमच्याकडची जुनी रीत. सकाळी गाद्या पाण्याने फुगलेल्या असताना पुढे वाकणे कंबरेस अधिक जाचते. पहाटेचे वाकणे टाळणाऱ्यांचे दुखणे कमी झाले, असे अमेरिकेत स्टोव्हर स्नूक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केले आहे. म्हणून सामान आदल्या रात्रीच गाडीत गेले.

साताऱ्यापर्यंत रस्ता सरळ, तरी आम्ही खंबाटकी ओलांडल्यावर थांबलो आणि पुढे दर तासा-सव्वा तासाने थांबत गेलो. साताऱ्यापासून आत औंध आहे. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, हे महाराष्ट्रास ठाऊक आहेच. त्यांच्या स्मृतीने स्फूर्ती घेऊन आमच्या एका पुतण्याने रस्त्याच्या कडेलाच नमस्कार घालण्यास प्रारंभ केला, त्यास आवरावे लागले. तास दीड तास दबून राहिलेली कंबर गाडीतून उतरताच एकदम पुढे वाकवू नये. आधी उभे राहावे, शंभर पावले चालावे, हात कंबरेवर ठेवून हलके मागे कलावे. नमस्कार दुसऱ्या दिवशी समुद्रावर. त्याच कारणाने मुक्कामी पोचताच सामान उचलण्याची घाई करू नये.

त्या वेळी सातारा-कागल टप्प्यात रुंदीकरणाची कामे चालू होती, त्यामुळे उंब्रजपर्यंत गाडी वळणरस्त्यांवरून उड्या घेत गेली. उंब्रजला महामार्ग सोडला की प्रदेश पालटतो. पाटणपासून कोयनेची सोबत सुरू होते, उसाचे मळे मागे पडतात, डोंगर जवळ येतात. महाबळेश्वराहून दक्षिणेस निघालेली ही नदी हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेस वळते. जिने समुद्राकडे पाठ फिरविली तिचे पाणी माणसाने डोंगराच्या पोटातून पश्चिमेस नेले आणि वीज काढून घेऊन पोफळीकडे वाशिष्ठीस देऊन टाकले! कोयनानगर म्हटले की ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण वडील मंडळींस होतेच. काका त्या दिवसाविषयी सांगत असताना काकू रस्त्याने पुढे चालत गेल्या होत्या. गाडीने त्यांना गाठले तेव्हा त्या एका झऱ्यापाशी उभ्या होत्या आणि कोणाचाही हात न धरता गाडीत बसल्या. बसताना आधी पाठमोरे टेकून मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावयाचे, ही युक्ती त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी शिकविली होती. उतरताना हेच उलट.

कुंभार्लीच्या माथ्यावर वारा होता. घाटात कंबरेस त्रास होतो तो आडव्या हेलकाव्यांचा. प्रत्येक वळणावर शरीर सावरताना पाठीचे स्नायू राबत असतात. ज्यांचे पाय जमिनीवर पक्के टेकतात त्यांस तो कमी होतो. काकूंची उंची बेताची असल्याने आम्ही त्यांच्या पायांखाली सतरंजीची घडी दिली, तीही चार बोटांचीच. मधल्या ओळीत मध्यभागी बसणाऱ्याची जागा उंचवट्याची व टणक असते; तेथे कोणीही एका टप्प्याहून अधिक बसू नये असे ठरले होते, आणि कोयनानगरास सर्वांनी जागा बदलल्या. चिपळूणला जेवण, मार्गताम्हान्यास चहा, आणि दिवस मावळण्याच्या आत गुहागर. काकू उतरल्या, क्षणभर मोटारीचे दार धरून उभ्या राहिल्या, मग पिशवीतून ओटीचे सामान काढू लागल्या. दुसऱ्या दिवशी अभिषेकास त्या पाटावर नव्हे, खुर्चीवर बसल्या; गुरुजींनी ती स्वतःच आणून ठेवली होती.

कंबर त्यांची अजिबात दुखली नाही, असे नाही. दुखली, संध्याकाळी शेक घ्यावा लागला. पण ते दुखणे दोन दिवसांत गेले. ज्यांची कळ गुडघ्याखाली उतरते, पाय बधिर होतो किंवा लघवीचा ताबा सुटतो, त्यांनी असल्या पंचाच्या गुंडाळीवर विसंबू नये, वैद्यास गाठावे.

नवी गाडी घेणारे लोक तिची तबकडी पाहतात, रंग पाहतात, दर लिटरला ती किती पळते ते विचारतात. प्रत्येक ओळीत पंधरा-पंधरा मिनिटे बसून पाहणारा ग्राहक आमच्या पाहण्यात नाही. परत येताना थोरल्या काकांनी कोयनानगर ते पाटण एवढी मजल हट्टाने शेवटच्या ओळीत काढली. पाटणास उतरल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, मोठ्या गाडीची चौकशी चालविलेल्या आपल्या धाकट्या बंधूंस त्यांनी एवढेच विचारले, "तिच्या मागच्या ओळीत तू स्वतः बसून पाहिलेस का रे?"