दादांची वही

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, बार्शी लाईट रेल्वेत चावीवाले होते. कुर्डुवाडीहून एकीकडे पंढरपूर, दुसरीकडे बार्शी, लातूर अशी ती अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. १९५४ साली कंपनीकडून सरकारने ती घेतली, तेव्हा दादा नुकतेच कामाला लागले होते. फजरची नमाज झाली की खांद्यावर हातोडा टाकून आपल्या हद्दीतला रूळ चालत तपासायचा, सैल चावी दिसली की ठोकून बसवायची. आषाढीला तर रात्रीसुद्धा. वारकऱ्यांची गाडी सुखरूप गेली की घरी येऊन चहा मागत.

घरी आम्ही दखनी बोलतो. दादा कुराण अरबीतून पढत, पण उर्दू त्यांना वाचता येत नसे. लिहिणे सगळे मराठीत. लाल पुठ्ठ्याच्या वहीत सातही मुलांचे जन्म, लग्ने, मुलींचे मेहर, किराण्याची उधारी, सगळे एकाखाली एक. 'हिबा' हा शब्द मराठी अक्षरांत मी पहिल्यांदा त्याच वहीत वाचला.

निवृत्तीनंतर फंडाचे पैसे आले. चार मुलगे, तीन मुली. दादांनी घराच्या दुरुस्तीपुरते बाजूला काढून बाकीचे सात सारखे वाटे केले. मोठे चाचा म्हणाले, "अब्बा, शरियत में बेटी का आधा हिस्सा है."

"वो मेरे मरने के बाद का हिसाब. अबी मैं जिंदा हूं ना?"

चाचा दोन वर्षे धड बोलले नाहीत. ईदला सलाम करून शीरखुर्मा न खाताच निघून जायचे. दादी रडायची. दादा वाटीवर झाकण ठेवून ती धाकट्या नातवाच्या हातून चाचांच्या घरी पाठवायचे. वाटी रिकामी होऊन परत यायची, एवढे मला आठवते.

दादा गेल्यावर चाळिसाव्याच्या आतच हक्कसोडपत्राचा विषय निघाला. आपल्याकडे, आणि शेजारच्या हिंदू घरांतही, बहिणीने सही करून देणे हे मायेचे लक्षण समजतात. सही नाही केली तर माहेर तुटेल, ही भीती कुणी बोलून दाखवत नाही, तरी प्रत्येक बहिणीला ती कळते. आधा हिस्सा म्हणून शरियतचा दाखला देणारे तो आधाही सोडायला सांगतात, तेव्हा मला राग येतो.

दादीने पेटीतून वही काढली. शेवटच्या पानावर घराचा हिशेब होता: आठवा हिस्सा दादीचा, उरलेल्याचे अकरा भाग, मुलाला दोन, मुलीला एक. खाली लिहिले होते, "कोणत्याही मुलीकडून सही घेऊ नये."

ते वाचून दाखवायचे काम माझ्याकडे आले, घरात मराठीचा शिक्षक मीच म्हणून. मी दोनदा वाचले. चाचा बराच वेळ छताकडे बघत बसले. मग उठून वजू करायला गेले.

दोन फुफींनी हिस्सा पैशात घेतला. पैसे मोठ्या चाचांनीच हप्त्याहप्त्याने दिले, आणि प्रत्येक हप्ता त्याच वहीत, दादांच्या पानाच्या मागे लिहिला. धाकटी फुफी म्हणाली, मला पैसे नकोत, मागची खोली द्या. मे महिन्यात ती मुलांना घेऊन येते. कुलपाची किल्ली तिच्याचकडे असते.