बोगमाळोची मोजणी

बेळगावकराला गोवा नवा नाही. कुणाचे कुलदैवत तिकडे, कुणाची लेक तिकडे दिलेली. आणि ज्याचे कोणीच नाही तोही वर्षातून एकदा समुद्र पाहून येतो. परंतु गेल्या पौषात आम्ही गोव्याला गेलो ते यांपैकी कशासाठीही नव्हे. आमच्या पिशवीत शाळेची लाकडी मीटरपट्टी, एक लांब फीत, गवंड्याचा ओळंबा आणि चौकटीच्या कागदांची वही एवढे साहित्य होते. आम्ही विमान मोजायला निघालो होतो.

या उद्योगाचा मूळ पुरुष आमचा एक जुना विद्यार्थी. मराठीच्या पेपरात त्याने आम्हांला कधी समाधान दिले नाही. पण हात सोन्याचे. आज उद्यमबागेत त्याचे दोन लेथचे लहानसे वर्कशॉप आहे. दिवसभर पंपाचे सुटे भाग करायचे आणि रात्री बाल्सा लाकडाच्या फळ्या कापून विमाने जोडायची, असा त्याचा क्रम. ही विमाने खेळण्यातली नव्हेत. जमिनीवर उभे राहून हातातल्या रेडिओ यंत्रावरून ती चालवायची. आत सर्व्हो नावाच्या चिमुकल्या मोटारी असतात; त्या बोटांच्या हुकमानुसार सुकाणू वळवतात, पंखांच्या झडपा वरखाली करतात.

या छंदाला एक खोड आहे. लहान विमान उडू लागले की मोठे हवेसे वाटते, आणि मोठ्यातही लढाऊ. अमेरिकेतील छंदिष्टांच्या एका संघटनेने एकपंखी विमानाला ‘मोठे’ म्हणण्यासाठी ८० इंचांचा, म्हणजे दोन मीटरांहून थोडा अधिक, पंखविस्तार ठरवून दिला आहे. हा हव्यास निव्वळ मिरवण्याचा असेल अशी आमची समजूत होती. एका रविवारी माळावर जाऊन पाहिले तेव्हा ती गेली. लहान विमान वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीसरशी चतुरासारखे थरथरते, झटक्यात वळते. ते विमान आहे हे डोळ्यांना पटत नाही. मोठे विमान वळणावर सावकाश कलते, उतरताना जमिनीचा अंदाज घेत खाली येते. घारीचे आणि चिमणीचे उडणे जसे वेगळे, तसाच हा भेद.

अडचण निराळीच होती. स्पिटफायर, मस्टँग किंवा जपानी झीरो हवे असेल तर नकाशे, साचे, पेटीबंद संच, पाहिजे त्या मापात विकत मिळतात. याला हवे होते आलिझे. हे फ्रान्समध्ये बनलेले, पाणबुड्या हुडकणारे विमान. फ्रेंच भाषेत आलिझे म्हणजे व्यापारी वारा. फ्रान्स आणि भारत या दोनच देशांच्या नौदलांनी ते वापरले. टेबलावर ठेवायची वीतभर पंखांची प्लॅस्टिक प्रतिकृती मिळते; उडवता येईल असा मोठा संच काही त्याला मिळाला नाही. जगात ज्याला गिऱ्हाईक नाही त्याचा साचा कोण काढणार?

मग आलिझेच का? कारण काका. काका त्याच्या वर्कशॉपशेजारी राहतात, सत्त्याहत्तरीचे आहेत. १८ डिसेंबर १९६१ रोजी सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमाने उडाली आणि त्यांनी बांबोळीचे वायरलेस केंद्र उद्ध्वस्त केले, तेव्हा काका तेरा वर्षांचे होते. तो आवाज कानांत घेऊन ते सहा वर्षांनी नौदलात मेकॅनिक म्हणून भरती झाले आणि पुढे ‘विक्रांत’वर आलिझेच्या देखभालीला लागले. डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात विक्रांतवरून सी हॉक आणि आलिझे विमाने चितगाव, कॉक्स बझारवर झेपावत होती, तेव्हा काका डेकवर होते. नौदलाच्या सेवेतून आलिझे १९९१ च्या सुमारास गेले. विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली भंगारात निघाली. ती बातमी वाचली त्या दिवशी काका जेवले नाहीत, असे काकूंनी आम्हांला सांगितले.

आता काकांना काचबिंदूने गाठले आहे. विद्यार्थ्याने प्रथम दीड मीटर पंखांचे आलिझे करायचे योजले होते. काका म्हणाले, “लहान करू नकोस बघ. लहान केलास तर वर गेल्यावर मला काय दिसणार?” मापाचा निकाल त्या एका वाक्याने लागला.

आम्ही तिघे पहाटे निघालो. जांबोटीपर्यंत धुके होते. कणकुंबीला चहा घेतला; मलप्रभेचे उगमस्थान असल्यामुळे काकांनी गाडीतूनच हात जोडले. चोर्ल्याची वळणे उतरून साखळी आली की हवा बदलते; अंगातला स्वेटर जड होऊ लागतो. बांबोळीवरून जाताना काकांनी काच खाली केली, पण बोलले काही नाही. झुआरीचा नवा पूल ओलांडून, दाबोळीच्या अलीकडून आम्ही बोगमाळोच्या रस्त्याला लागलो.

नौदलाचे हे विमानसंग्रहालय १९९८ साली उघडले. समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी मंडळी तिथे क्षणभर थांबतात, सुपर कॉन्स्टेलेशनच्या अवाढव्य धडापुढे मुलांचे फोटो काढतात आणि निघून जातात. सी हॉक, सी हॅरियर, हेलिकॉप्टरे अशी बरीच मंडळी बाहेर मोकळ्यावर उभी आहेत. खाऱ्या वाऱ्यात अॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, रंगाला पोपडे येतात. कितीही निगा राखली तरी समुद्राशेजारी हे चालायचेच. जे मोजायचे ते आताच मोजले पाहिजे, हे तिथे उभे राहिल्यावर आम्हांला उमगले.

काका आलिझेपुढे उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. मग त्यांनी डोळे बारीक करून, मान तिरकी करून, डोळ्याच्या ज्या कोपऱ्यात अजून उजेड उरला आहे तिथे ते विमान आणले.

लांबी १३.८६ मीटर, पंखविस्तार १५.६ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ ३६ चौरस मीटर, हे आकडे पुस्तकात मिळतात. न मिळणारे निराळे: नाकाची गोलाई कुठे सुरू होते, काचेच्या छताच्या चौकटी किती रुंद, पंखांखालचे ते लांबट कोष पुढे किती आणि मागे किती निघतात. हे कोष म्हणजे आलिझेची खूण. त्यांत मागच्या बाजूला चाके मिटत आणि पुढच्या भागात समुद्रात टाकायचे, पाणबुडीचा आवाज ऐकणारे तरंगते ठेवलेले असत. पोटातून खाली उतरणारा रडारचा घुमट ही दुसरी खूण. “तो घुमट वर न घेता उतरलं तर संपलंच की हो सर,” काका म्हणाले आणि तो वर ओढल्याची खात्री कशी करीत, ते हातवारे करून सांगू लागले. विद्यार्थी लिहीत होता.

विमानाला हात लावायचा नाही, असे आम्ही घरूनच ठरवून आलो होतो. म्हणून सावली. पाऊण वाजता मीटरपट्टी ओळंब्यात उभी धरली. तिची सावली ७६ सेंटिमीटर भरली. शेपटीच्या टोकाखालचा बिंदू नजरेने धरून तिथपासून टोकाची सावली मोजली, ती ३ मीटर ८० सेंटिमीटर. त्रैराशिक मांडले, उंची ५ मीटर. पुस्तकात पाहिले, तिथेही पाचच. सातवीच्या वर्गात हे गणित दुसऱ्यांनी शिकवायचे आणि आम्ही बाहेरून ऐकायचे, असे आजवर चालले होते. ते आपल्या हाताने सुटल्याचा आनंद आम्ही लपवला नाही.

दुपारी झाडाखाली डबे उघडले आणि प्रमाणाचा विषय निघाला. एक पंचमांश धरले तर पंखविस्तार ३.१२ मीटर. विद्यार्थी म्हणाला, “सर, लांबी पाचाने भागायची, पंखाचं क्षेत्रफळ पंचवीसने आणि वजन सव्वाशेनं.” खरे आलिझे भरल्या वजनी ८,२०० किलोचे, सव्वाशेने भागले तरी ६६ किलो उरतात. एवढे वजन चालत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठी उडवायच्या प्रतिकृती विमानाची मर्यादा २५ किलो आहे, आणि ते नजरेच्या टप्प्यातच उडवायचे असते. त्याला बावीस किलोंत बसवायचे होते. तसे झाले तर पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पंधरा किलोच भार येईल, खऱ्या विमानावर तो सव्वादोनशेच्या पुढे होता. म्हणून ते अलगद उतरेल.

“आणि पडलं तर?” आम्ही विचारले. गेल्या वर्षी त्याचे मस्टँग रेडिओची बॅटरी दगावल्यामुळे शेतात कोसळले होते; दोन वर्षांचे काम चार सेकंदांत गेले. घरात त्यावरून बरेच बोलणे झाले होते.

“या वेळी दोन बॅटऱ्या, सर.”

काका मध्येच म्हणाले, “पडायचं ते पडतं. एकाहत्तरला आमचं एक पडलंच की. तिघं होते आत.” पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलेल्या त्या आलिझेतले कोणी परतले नाही. त्यानंतर डबा संपेपर्यंत कोणी बोलले नाही.

निघण्यापूर्वी काकांनी पंख मिटण्याची रीत समजावली. जहाजावर जागा थोडी. म्हणून बाहेरचे अर्धे पंख वर दुमडून विमान लिफ्टवरून खाली न्यायचे. प्रतिकृतीत पंख मिटलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. विद्यार्थ्याने वजनाची अडचण सांगितली. काकांनी ती ऐकली नाही. अखेर बिजागऱ्या लेथवर आपण स्वतःच करू, पोकळ करू, असे तो कबूल झाला.

परतताना चोर्ल्याला अंधार पडला. काका मागे झोपले होते. कणकुंबीच्या दिव्याखाली गाडी थांबवून विद्यार्थ्याने वही उघडली, पाने पुढे-मागे केली आणि कपाळावर हात मारला. उजव्या कोषाच्या मागच्या टोकाचे माप घ्यायचे राहिले होते.

“डाव्यावरून धरता येईल की,” आम्ही म्हणालो.

“धरता येईल,” तो म्हणाला. मग मागे पाहून हळूच म्हणाला, “पण काकांना सांगू नका, सर. पुढच्या महिन्यात परत येऊ.”