'सर्किट' हा शब्द मी वाचलाच नाही

डिसेंबरातली सकाळ. नाशकात मस्त हुडहुडी भरलेली. गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनचा दिवा लागला तो विझेचना. गाडी मात्र नेहमीसारखीच चालत होती. आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले! पाचशे-सातशेचा ब्लूटूथ स्कॅनर घरात होताच. लावला. कोड आला पी०१३५: ऑक्सिजन सेन्सर, हीटर सर्किट, बँक १, सेन्सर १.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगतो. त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. बॉशने बनवलेला असा सेन्सर १९७६ साली पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांत आला. पण त्यातलं झिर्कोनिया साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. सुरुवातीच्या सेन्सरला इंजिनच्या धुराने तापायची वाट बघावी लागे, म्हणून पुढे आत छोटा हीटर घातला. तो बंद पडला, तर सेन्सर तापेपर्यंत ईसीयू अंदाजाने पेट्रोल सोडत बसतो. आमच्यासारखं कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढंच फिरणाऱ्याचं मायलेज मग पडणारच.

मी लगेच निदान केलं: हीटर जळाला. साडेचार हजारांचा सेन्सर ऑनलाइन मागवला. गॅरेजवाले काका म्हणाले, "साहेब, आधी एकदा वायरिंग बघू का?" मी म्हटलं, "काका, कोड आलाय ना! तुम्ही बसवा फक्त."

त्यांनी बसवला. मी कोड उडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा परत हजर!

रविवारी तोंड पाडून बसलो होतो. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता निवृत्त. चहा पिता पिता म्हणाले, "जुना सेन्सर टाकला नाहीस ना? आण इकडे." त्यांनी आपला जुनाट मल्टिमीटर काढला. सेन्सरच्या चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन हीटरच्या होत्या. त्यांवर मीटर लावला. आठ ओहम.

"जळालेल्या हीटरचा रेझिस्टन्स किती दाखवेल?"

"ओपन... म्हणजे अनंत," मी पुटपुटलो. इंजिनिअरिंगची डिग्री आहे हो आमच्याकडे!

म्हणजे जुना सेन्सर ठणठणीत होता. खाली गेलो. सेन्सरचं कनेक्टर सोडवलं, चावी ऑन केली आणि गाडीच्या बाजूच्या पिनवर व्होल्टेज मोजलं. बारा यायला हवे होते, आले शून्य. फ्यूज चांगला. मग वायर चाचपत मागे मागे गेलो, तर बॅटरीच्या मागच्या वळणावर उंदराने कुरतडलेली! थंडीत गरम इंजिनाशेजारी त्याने संसार थाटला होता. चिंध्या, शेंगांची टरफलं, सगळं साग्रसंगीत.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, तुटलेली टोकं सोल्डर केली, वर श्रिंक स्लीव्ह चढवली. खर्च म्हणाल तर वीस रुपये. कोड उडवला. आठवडा झाला, दिवा लागलेला नाही.

खरं म्हणजे कोडने मला फसवलं नव्हतं. त्याने 'हीटर सर्किट' असं स्वच्छ लिहिलं होतं. सर्किट म्हणजे फ्यूज, वायर, कनेक्टर, हीटर आणि ईसीयू, सगळंच. मी त्यातला 'हीटर' तेवढा वाचला. ऑफिसात ज्युनिअर पोरांना मी रोज ऐकवतो, "एरर ज्या ओळीवर दिसते, बग तिथेच असतो असं नाही." तेच मला गॅरेजवाल्या काकांनी माझ्याच गाडीबद्दल सांगितलं, तर पटलं नाही.

काल पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "साहेब, नवा सेन्सर राहू द्या, जुना डिकीत ठेवा. आणि उंदराचं काहीतरी बघा आधी."

असो. आज संध्याकाळी पिंजरा आणायचाय.