दोर कुठे बांधताय?

पावसाळा सुरू झाला की आमच्या ऑफिसात एक साथ येते. शुक्रवारी चारनंतर कुणाचंच लक्ष स्क्रीनवर नसतं. ताम्हिणी उतरायचा, महाड गाठायचं, तिथून बिरवाडी, शिवथरघळ, आणि उघडा असला तर येताना वरंध घाट... (तो पावसाळ्यात बरेचदा बंद असतो, निघायच्या आधी बघून घ्या.) हल्ली बहुतेकांकडे एसयूव्ही म्हणवून घेणारी गाडी असते आणि डिकीत ऑनलाइन मागवलेला एक नारिंगी पट्टा. पट्ट्यावर ठळक अक्षरात "८ टन". पण तो पट्टा गाडीला नेमका कुठे अडकवायचा, हा प्रश्न गाडी फसेपर्यंत कुणाला पडत नाही.

बिरवाडीच्या बाजूला तो प्रश्न लवकर पडतो. भाताची खाचरं, त्यांच्यामधून जाणारे मातीचे रस्ते आणि कोकणातला पाऊस. दोन वर्षांपूर्वी आमच्या पुढच्या गाडीने एका बांधाजवळ चाकं रुतवली. दहा मिनिटांत ट्रॅक्टर आला, सोबत साखळी आली आणि साहजिकच बघायला पंधरा-वीस माणसं आली. त्यात निम्मी पोरं.

ट्रॅक्टरवाले काका खाली उतरले, गाडीखाली वाकले आणि म्हणाले, "हूक कुठं हाय हिचा?"

मालकाने बंपरखालच्या एका कडीकडे बोट दाखवलं. काकांनी ती हाताने चाचपली आणि मान हलवली. "ही नाय चालायची. ट्रकात बांधून आणतात ना गाडी, तेवढ्यापुरती हाय ही. आधी फावडं घ्या, दादा."

मग अर्धा तास फावडं. चारही चाकांपुढची माती काढली, दगड टाकले, पोरांना पार लांब बांधावर पिटाळलं. टूलकिटमधला आकडा पुढच्या बाजूला फिरवून बसवला आणि ट्रॅक्टरने पहिल्या गिअरमध्ये, अजिबात झटका न देता, साखळी ताणली. गाडी लोणी कापावं तशी बाहेर आली. बघ्यांची निराशा झाली असावी. काहीच झालं नाही ना!

घरी येऊन मी आपल्या सवयीप्रमाणे हिशोब करत बसलो. चिखलातल्या गाड्या ओढायचा सगळ्यात जास्त अनुभव सैन्याला. अमेरिकन सैन्याच्या नियमपुस्तकातला ढोबळ आडाखा असा: चाकापर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतका प्रतिकार धरा, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, त्याहून वर गेली तर तिप्पट. म्हणजे पावणेदोन टनाची गाडी मडगार्डपर्यंत गेली की साडेतीन टनांची ओढ लागते. फावड्याने वीतभर माती काढली की हा आकडा धडाधड खाली येतो. एवढी स्वस्त ऑप्टिमायझेशन मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आता त्या नारिंगी पट्ट्याकडे येऊ. झटका देऊन ओढायचे पट्टे आणि दोर नायलॉनचे असतात. ते मुद्दाम ताणले जातात, काही दोर तर ३० टक्क्यांपर्यंत. ओढणाऱ्या गाडीची ऊर्जा ते साठवतात आणि फसलेल्या गाडीला हळूहळू देतात. कल्पना झकास आहे. पण दोन टनांची गाडी ताशी १० किलोमीटरने निघाली तर तिच्यात साधारण ७,७०० ज्यूल ऊर्जा असते. ऐंशी किलोचा माणूस तिसऱ्या मजल्यावरून पडावा, तेवढी. समजा कडी तुटली आणि त्यातला फक्त दहावा हिस्सा किलोभर वजनाच्या लोखंडी तुकड्यात गेला, तर तो तुकडा ताशी १४० किलोमीटरने सुटतो. फास्ट बोलरचा बॉल याच वेगाने येतो, पण तो असतो १६० ग्रॅमचा आणि समोरच्याने हेल्मेट घातलेलं असतं.

आणि हे लोखंड जातं कुठे? दोर ज्या रेषेत ताणलाय त्याच रेषेत. म्हणजे दुसऱ्या गाडीच्या काचेकडे, किंवा मोबाईल धरून उभ्या असलेल्या मित्राकडे. ऑस्ट्रेलियात ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, म्हणजे टो-बॉलला, पट्टा अडकवल्याने माणसं गेलेली आहेत. गोळा तुटतो आणि तोफगोळा होतो. आपल्याकडे कुणी हौसेने मागे गोळा बसवला असेल तर त्याला फक्त ट्रेलर जोडावा.

मग बांधायचं कुठे? जीप, जिप्सी, थार या गाड्या शिडीसारख्या चासीवर उभ्या असतात. त्या चासीला जाड बोल्टने बसवलेला, किती भार पेलतो ते ठाऊक असलेला हूक हवा. शहरातल्या बऱ्याच छोट्या एसयूव्हींना अशी वेगळी चासीच नसते. त्यांच्या टूलकिटमधला फिरवून बसवायचा आकडा हा बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावरून नेण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. त्याला ओढायचंच तर आधी खणून, मग सावकाश आणि शक्य तेवढं सरळ रेषेत. त्याचे आटे बऱ्याच गाड्यांत उलटे असतात, तेव्हा घरच्या पार्किंगमध्ये एकदा बसवून बघा. आणि बंपर, ॲक्सल, सस्पेंशनचे दांडे यांना हात लावू नका.

दोन हूक असतील तर व्ही आकारात पट्टा टाकून भार वाटता येतो. पण इथेही एक गंमत आहे. व्हीचा कोन ६० अंश असेल तर प्रत्येक हुकावर ५८ टक्के भार येतो. कोन १२० झाला की प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के. म्हणजे वाटणी झालीच नाही! तेव्हा पट्टा लांब घ्या, कोन बारीक ठेवा. शॅकलवर टनांचा आकडा कोरलेला असेल तरच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या बिनआकड्याच्या शॅकलवर भरवसा नको. दोन पट्टे शॅकलने कधीच जोडू नका. मधोमध एखादं ओलं पोतं किंवा जड गोधडी टाका. आणि माणसं पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब, कधीही रेषेत नाहीत.

याच डोंगरांत दोर म्हणजे काय ते बघायला मिळालेलं आहे. २८ जुलै २०१८ ला पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. ३० जण गेले, एकच वाचला. तेव्हा महाबळेश्वर आणि आसपासचे ट्रेकर दोर लावून दरीत उतरले होते. माणूस दोरावर उतरतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, वर कशाला बांधलंय? आणि दुसरा, ते सुटलं तर? म्हणून अँकर शक्यतो एकावर ठेवत नाहीत. आपल्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर नको. तोच दोर गाडीला लावला की मात्र दोन्ही प्रश्न आपण विसरतो, कारण दोराला माणूस लटकलेला दिसत नाही. तो शेजारी उभा असतो, एवढाच फरक.

आणि हा फक्त वीकेंडच्या हौसेचा विषय नाही. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळली तेव्हा महाड पाण्याखाली होतं, रस्ते दरडींनी अडले होते आणि मदत पोचायला फार वेळ लागला. अशा दिवशी चिखलात फसलेली गाडी अँब्युलन्सही असू शकते. आजूबाजूला घाई असते, अंधार असतो, आणि मदतीला धावलेली पोरं नेमकी त्या रेषेत उभी असतात. घाईत माणूस सवयीने वागतो, म्हणून सवय सुट्टीच्या दिवशीच लावून घ्यायची.

असो. या शनिवारी कुठे जाणार नसाल तर एक काम करा. खाली पार्किंगमध्ये जा, गुडघ्यावर बसा आणि आपल्या गाडीचा हूक शोधा. मॅन्युअलमध्ये "टोइंग" आणि "टाय-डाउन" असे वेगवेगळे शब्द असतील, ते दोन्ही वाचा. मग डिकीत फावड्यासाठी जागा करा. नारिंगी पट्टा त्याच्या खाली ठेवला तरी चालेल.