शीण आणि उबग

रविवारची दुपार कलू लागली, की आमच्या पोटात सोमवारचा गोळा उठतो. आम्ही म्हणजे धाराशिवातील एका महाविद्यालयाच्या मराठी विभागातले तिघे. चाळिशी ओलांडलेले, मराठीत एम.ए. केलेले आणि गेली पंधरा-अठरा वर्षे अभंगापासून भाषाविज्ञानापर्यंत पदरात पडेल ते शिकवीत आलेले. वर्गात जायची धास्ती वाटेल, असे आम्हांला कधी स्वप्नातही वाटले नव्हते. ती वाटू लागली. तिघांनाही वाटत होती. एकमेकांना सांगायला मात्र दोन वर्षे गेली.

भाषेचे शिक्षक म्हणून आम्ही आधी शब्द शोधू लागलो. शीण, थकवा, दमणूक, कंटाळा, वीट, उबग. निबंधात हे शब्द एकमेकांच्या जागी खपून जातात. अनुभवात खपत नाहीत. शीण 'उतरतो'. त्याच्या क्रियापदातच त्याचा उपाय आहे. डोक्यावरचा भारा उतरावा तसा तो झोपेने, ऊन पाण्याने, चार दिवस गावी जाऊन आल्याने उतरतो. उबग तसा उतरत नाही. दिवाळीची सुट्टी संपवून परतलो आणि पहिल्याच सकाळी विभागाच्या पायऱ्या चढताना पाय जड झाले, तेव्हा कळले की आपल्याला आलेला हा शीण नव्हे.

मानसशास्त्रात या अवस्थेला 'बर्नआउट' हे नाव रूढ झाले ते 1974 नंतर. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबणारी माणसे पाहून त्यावर लिहिले. पगारासाठी नव्हे, तळमळीने आलेली माणसे आतून जळून रिकामी होत होती, हे त्यातले लक्षात ठेवण्यासारखे. पुढे 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात त्याची व्याख्या दिली आणि हा आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे, असे स्पष्ट केले. तिची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपून जाणे, कामाविषयी मनाने दुरावणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. पहिले लक्षण शिणाचेही असते. उरलेली दोन उबगाची आहेत.

हा उबग शिकवण्याने आला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. त्या सोळा तासांनी आम्हांला कधी जाळले नाही. जाळले ते शिकवल्याचा पुरावा गोळा करण्याने. व्याख्यान झाले, की त्याचे छायाचित्र, उपस्थितीपत्रक, अहवाल, अभिप्राय; 2024-25 पासून नवा अभ्यासक्रम आल्यावर श्रेयांकांची नवी कोष्टके. यांतली एकेक गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली तर रास्तच वाटते. पण हळूहळू आमच्या लक्षात आले, की आपण एखादी कविता वर्गासाठी निवडत नसून अहवालासाठी निवडतो आहोत. कामाचा अर्थ कामातून निघून कागदावर जाऊन बसला होता.

आता जे सांगायचे ते सांगणे जड जाते. मूल्यांकनाच्या फायली भरण्याच्या दिवसांत वाशीकडच्या एका खेड्यातून येणारी आमची एक विद्यार्थिनी वर्गात दिसेनाशी झाली. मुलगी वाचणारी होती. ग्रंथालयातले पुस्तक परत करताना त्याविषयी चार वाक्ये बोलून जाणारी. ती येत नाही, हे आमच्या ध्यानात आले ते उपस्थितीचा तक्ता भरताना, महिनाभराने. तोवर परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत उलटून गेली होती. फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, आले होते की दोनदा. तुम्ही कामात होतात, म्हणून गेले माघारी." घरचे ऊसतोडीला गेले होते, धाकट्या भावंडांना सांभाळायला ती घरी राहिली होती, आणि शुल्कासाठी थोडी मुदत मिळेल का, एवढेच तिला विचारायचे होते. तिने पुन्हा प्रवेश घेतला नाही. ती दारात उभी असताना आम्ही 'विद्यार्थी साहाय्य उपक्रम' या शीर्षकाखालचा अहवाल लिहीत होतो.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही तिघे तेरला गेलो. तेर येथून वीसेक किलोमीटरवर. तेरणेच्या काठी गोरोबा काकांची समाधी आहे. काकांची कथा आम्ही वर्षानुवर्षे शिकवली आहे. चिखल तुडविताना नामात असे रंगले, की रांगत आलेले स्वतःचे मूल पायांखाली आले, तरी भान नाही. वर्गात आम्ही ही कथा तन्मयतेचे उदाहरण म्हणून सांगत आलो. त्या दिवशी मंदिराबाहेरच्या ओट्यावर बसल्यावर ती तशी ऐकू येईना. काका तल्लीन तरी विठ्ठलाच्या नामात होते. आम्ही कशात होतो? आमच्या पायांखाली काय आले, ते आता आम्हांला ठाऊक होते. तेथेच आमच्यातला एक जण पहिल्यांदा बोलला, "मला सोमवारची भीती वाटते." उरलेल्या दोघांनी मान हलवली. एवढेच झाले, पण परतताना गाडीत आम्ही बऱ्याच दिवसांनी हसलो.

पुढे काय केले, हे सांगताना मोठा आव आणण्याचे कारण नाही. एक, कागदांचे काम तिघांत वाटून घेतले आणि त्याला आठवड्यातल्या दोन दुपारी नेमून दिल्या. त्यांबाहेर फाइल उघडायची नाही. काही कागद उशिरा गेले, बोलणी बसली. दोन, दर बुधवारी शेवटच्या तासानंतर एक वाचन सुरू केले. त्याचे परिपत्रक नाही, छायाचित्र नाही, अहवाल नाही. कधी पंधरा मुले येतात, कधी तीन. तीन, विभागाचे दार उघडे ठेवून दाराकडे तोंड करून बसायचे. हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण टेबल फिरवल्यावर दाराशी घुटमळणारी मुले दिसू लागली. आणि चौथे: आमच्यातल्या एकाची झोप तरीही परतली नाही, तेव्हा त्याने मानसोपचारतज्ज्ञांना गाठले. कामाचा उबग आणि नैराश्य यांतला फरक आपल्याआपण ठरवू नये, हे त्याच्यामुळे आम्ही शिकलो.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. आमच्या विभागात चौथी व्यक्तीही आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारी, आमच्याहून तरुण, सेट झालेली. तिला तासांचे पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत. आम्ही दोन दुपारींच्या बाहेर फाइल उघडत नाही, तेव्हा एखादा तातडीचा कागद तिच्याकडे सरकतो आणि ती नाही म्हणू शकत नाही. आमचा उबग पगारी आहे. तेरला जाताना आम्ही तिला बोलावले नव्हते, हे हा मजकूर लिहिताना ध्यानात आले.

सोमवारचा गोळा अजून पुरता विरलेला नाही. कधी उठतो, कधी नाही. या बुधवारी वाचनाला सात मुले होती. तास संपल्यावर एक मुलगा दाराशी रेंगाळला. आम्ही हातातले पेन खाली ठेवले आणि म्हटले, "ये, बस."